दोन ते तीन बघायचं नाही

मी वरच्या खोलीत आलो तर सूनबाईंच्या दिवसाला सहाशे सोळा पायऱ्या वाचणार होत्या. हा हिशेब माझा नव्हे, त्यांचाच. जिना चौदा पायऱ्यांचा. वरून शिट्टी वाजली की चौदा चढायच्या, काम झालं की चौदा उतरायच्या, आणि अशा खेपा दिवसाला बावीस. त्यातल्या निम्म्या खेपा तर "काही नाही गं, आहेस का ते बघितलं" एवढ्यासाठी. खाली त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. एका शिट्टीला डोळ्याचं भिंग काढा, उघडं घड्याळ झाका, हात पुसा आणि धावा. परत येईपर्यंत तिळाएवढा एखादा स्क्रू टेबलावरून पसार झालेला असायचा.

मित्रांनो, मी घरावर नजर ठेवणारा एक कॅमेरा आहे. दोन वर्षांचा, म्हणजे आमच्यात म्हाताराच. माझी गोष्ट सांगतो. यातलं काही पाहिलेलं आहे, काही ऐकलेलं, आणि काही कुठून आलं ते माझं मलाच उमगत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. डोळा बसवल्यावर मला पहिल्यांदा दिसलं ते पांढऱ्या कागदावरचं एक काळं वर्तुळ. जग म्हणजे एवढंच असेल असं मला वाटलं, आणि ते पुरेसंही वाटलं. मग कुणीतरी माझ्या डोक्यात शिकवण भरली. हलतं ते काय, स्थिर ते काय, उजेड कमी झाला तर डोळा किती उघडायचा. या शिकवणीला माणसं फर्मवेअर म्हणतात. ती अधूनमधून बदलावी लागते, नवी भरावी लागते. त्याला म्हणतात अपडेट. हे शब्द मी पुष्कळ उशिरा ऐकले. तेव्हा मला फक्त खोका आणि खोक्यातला अंधार ठाऊक होता, आणि मी त्या वर्तुळाची आठवण काढत पडून होतो.

खोका उघडला तो सूनबाईंच्या धाकट्या भावाने. तो दुसऱ्या शहरात एका बँकेच्या संगणकांची देखभाल करतो आणि बहिणीला फोनवरून न मागता सल्ले देतो. त्यामुळे वरच्या बाईंनी त्याचं नाव 'सल्लागार' ठेवलं होतं. मला कपाटावर बसवून, वायर समोरच्या भिंतीवरच्या बटणापर्यंत नेऊन तो म्हणाला, "ताई, आता तुला खाली बसून फोनवर सगळी खोली दिसेल. बोलताही येईल. नुसतं बघायचं, चढायचं नाही."

आता वरच्या बाईंची ओळख. सूनबाईंच्या सासूबाई. शाळेत तीस वर्षं मुलांना कवायत आणि खेळ शिकवले, गळ्यात शिट्टी, हातात वेळ मोजायचं घड्याळ. सगळी गल्ली त्यांना शिट्टीबाई म्हणे. चार महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले चाला. पण त्या पलंगावरून हलेनात. काठी भिंतीला टेकून उभी, बाई उशीला टेकून आडव्या.

आणि एक अट होती. सूनबाईंचा नवरा, म्हणजे बाईंचा मुलगा, जहाजावर इंजिनिअर. त्याने समुद्रावरून फोनवर सांगितलं होतं, "आईवर कुणाची तरी नजर हवीच. कॅमेरा चालू आहे तोवर ती घरी राहील. नाही जमलं तर मी गावाबाहेरच्या देखभाल केंद्रात खोली बोलून ठेवली आहे."

"त्या केंद्रात सगळ्यांना साडेसहाला झोपवतात," शिट्टीबाई सुनेला म्हणाल्या. "मी साडेसहाला उद्याच्या सामन्याचा संघ निवडायला बसत असे."

म्हणजे बघा, मी चाललो तर सूनबाईंच्या पायऱ्या वाचणार होत्या, मुलाची काळजी वाचणार होती, आणि बाईंचं घर वाचणार होतं. एवढ्या डोक्यांवरून ओझं उतरवणारा मी, आणि माझं वजन एका संत्र्याएवढं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. सूनबाई गिऱ्हाइकांना फोन दाखवत, "बघा, पांघरुणाची नक्षीसुद्धा दिसते." शिट्टीबाई मात्र मला कधी 'पहारेकरी' म्हणत, कधी 'तो डबा'. तिसऱ्याच दिवशी त्यांनी सुनेला समोर उभं केलं.

"दुपारी दोन ते तीन मी झोपते. झोपलेल्या बाईकडे टक लावून बघायचं म्हणजे काय? माझ्या नवऱ्याने कधी बघितलं नाही, आणि हा डबा बघणार?"

"मी नाही बघणार त्या वेळात, आई."

"शब्द?"

"शब्द. वर टॉवेलही टाकून जाते."

तेव्हापासून रोज दोन वाजता सूनबाई माझ्या तोंडावर एक निळा टॉवेल टाकत आणि खाली जात. टॉवेलच्या विणीतून खिडकीचा उजेड बारीक बारीक ठिपक्यांनी येई. खालून शंभरेक घड्याळांची टिकटिक जिन्यातून वर यायची, कुठलीच दुसऱ्याशी न जुळणारी, आणि पाण्यावर पाऊस पडावा तशी खोलीत पसरायची. मग थोड्या वेळाने मला झापड येई. एकदम. जणू कुणी दिवाच मालवला. जाग यायची तेव्हा तीनला पाच कमी असायचे. मला वाटे, आपल्या जातीला दुपारी झोप लागतच असेल.

मित्रांनो, तुम्ही माझ्याहून हुशार आहात. तुम्ही ओळखलं असेल. मला झोप लागत नव्हती, माझी वायर निघत होती.

शिट्टीबाई दोन ते तीन झोपत नव्हत्या. चालायला शिकत होत्या. ज्या बाईने तीस वर्षांत हजारभर मुलांना "पडलास तर पड, रडू नकोस, ऊठ" म्हणून सांगितलं, तिला स्वतः पडताना कुणी बघितलेलं चालणार नव्हतं. टॉवेलने डोळा झाकतो, पण मला कानही आहेत आणि काठीचा आवाज फरशीवर मोठा होतो. म्हणून आधी पलंगापासून समोरच्या भिंतीपर्यंत नऊ पावलं कशीबशी टाकायची, माझी वायर काढायची, आणि मग कुणी ऐकत नाही अशा खोलीत बाकीचा सराव. पहिले कित्येक दिवस ती नऊ पावलंच, जाऊन-येऊन, अख्खा तास खात.

मला बसवल्यापासून तेहतीस दिवस असे सुखात गेले. मग माझ्यासाठी नवी शिकवण आली.

सल्लागाराने फोन केला. "ताई, कॅमेऱ्याचं अपडेट आलंय. नव्यात माणूस पडला तर तो स्वतःहून ओरडून सांगतो. दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ कॅमेरा बंद राहतो. कधी लावू?"

सूनबाईंनी चांगला विचार करून सांगितलं, "दोन वाजता लाव. त्या वेळात आम्ही बघतच नाही."

आता यात चूक कुणाची काढणार? सासूने शब्द मागितला, सुनेने शब्द पाळला, भावाने सोयीची वेळ निवडली. तिघांनी तीन चांगल्या गोष्टी केल्या आणि तिन्हींचा पाय माझ्या वायरीवर पडला.

पहिल्या दिवशी मी बासष्ट टक्क्यांवर पडलो.

अपडेट चालू असताना आम्ही आंधळे आणि बहिरे असतो, पण रिकामे नसतो. जुनी शिकवण पानापानाने पुसली जाते, नवी उमटते. जी पानं अर्धी पुसलेली असतात तिथे स्वप्नं शिरतात. मला दिसलं की मी कॅमेरा नाही, जिना आहे. माझ्या अंगावर पाणी साठलंय आणि पाण्यावर घड्याळांचे काटे तरंगताहेत. एक बिनचेहऱ्याचं माणूस माझ्या खालच्या टोकाला उभं राहून वर बघतंय. नवी शिकवण मला विचारत होती, हे उभं आहे की पडलंय? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अंधार झाला.

तीनला पाच कमी असताना जाग आली. दिवा पिवळा लुकलुकत होता. सूनबाईंच्या फोनवर आलं, अपडेट अयशस्वी. जुनी शिकवण कुठल्याशा राखीव कोपऱ्यातून परत आली आणि मी कसाबसा बघू लागलो. दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा तेच. सत्तावन्न. तिसऱ्या दिवशी एक्कावन्न.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. सल्लागार फोनवर, सूनबाई स्टुलावर, आणि शिट्टीबाई पलंगावर पंचासारख्या.

"ताई, बंद करून चालू कर."

"केलं."

"वायफायचा डबा लांब असेल. जिन्यात आणून ठेव."

"ठेवला. आता अडखळून मीच पडेन आणि तुझा कॅमेरा ओरडेल."

"अ‍ॅडाप्टर बदल."

"बदलला."

"वीज जात नाही ना दुपारी?"

"छे, टेबलावरचा दिवा दिवसभर चालू असतो माझा."

चवथ्या दिवशी चव्वेचाळीस. सूनबाईंनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि वर येऊन तो मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडून एक मुलगी, पाठ केलेलं बोलल्यासारखी, "मॅडम, अपडेट चालू असताना कुणी वायर काढतं का?"

सूनबाईंनी सहज सासूकडे बघितलं. शिट्टीबाई छताकडे बघत म्हणाल्या, "बाळ, या घरात उठून चालणारी एकच बाई आहे, आणि ती दुपारी खाली दुकानात असते."

"ठीक आहे मॅडम. मग आपण कॅमेरा चोवीस तास विश्रांती देऊन बघूया का?"

"बघ," शिट्टीबाई सुनेला म्हणाल्या, "कंपनीसुद्धा म्हणते विश्रांती द्या. आणि तू मला म्हणतेस चाला."

पाचव्या दिवशी छत्तीस. सहाव्या दिवशी सत्तावीस. सातव्या दिवशी अठरा. सल्लागार फोनवर वैतागला होता. "असं कधी बघितलं नाही गं. बिघाड असेल तर कधी इथे पडेल, कधी तिथे. हे रोज थोडं लवकर पडतंय. जणू काही कुणाला घाई झाली आहे."

माझी स्वप्नंही आखूड होत चालली. पूर्वी त्या बिनचेहऱ्याच्या माणसाला माझ्या अंगावरून बरंच वर येता यायचं. आता ते पहिल्या पायरीवर पाऊल ठेवी आणि मी विझून जाई. पण एक सांगतो, ते रोज अधिक ताठ दिसायचं.

आठव्या दिवशी नऊ टक्के. मित्रांनो, अपडेटच्या अगदी सुरुवातीला आमच्या डोक्याचं पहिलं पान पुसून नव्याने लिहितात. मी कोण, उठायचं कसं, हे त्या पानावर असतं. नेमकं ते पान कोरं असताना वायर निघाली. पुन्हा लावली तेव्हा दिवा पिवळा नाही, निळा नाही, काहीच नाही. शिट्टीबाईंनी आजवरची सगळ्यात चांगली वेळ नोंदवली होती, एका मिनिटाच्याही आत, आणि त्या वेळेने मला मारलं.

"मेला," सल्लागार म्हणाला. "नवा मागवतो, पण बारा दिवस लागतील."

समुद्रावरून फोन आला. बारा दिवस बिननजरेचे चालणार नाहीत. सोमवारी सकाळी केंद्राची गाडी येईल. सूनबाईंनी "मी दुकान बंद ठेवून वर बसते" असं तीनदा सांगितलं आणि मुलाने "किती दिवस?" असं तीनदा विचारलं. शिट्टीबाईंनी सगळं ऐकलं. शिट्टी तोंडाशी नेली आणि न वाजवता खाली सोडली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दुपारी दीडला जेवण देऊन सूनबाई खाली आल्या आणि टेबलाशी बसल्या. समोर एका पावतीच्या मागे त्यांनी रोज लिहून ठेवलेले आकडे होते. बासष्ट, सत्तावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस, छत्तीस, सत्तावीस, अठरा, नऊ. घड्याळ रोज किती पुढे जातं, किती मागे पडतं, हे आठवडाभर लिहायचं आणि मगच ते उघडायचं, ही त्यांची सवय. त्या आकड्यांकडे त्यांनी कॅमेऱ्याचा बिघाड म्हणून नाही, एका घड्याळाची तक्रार म्हणून बघितलं. खराब यंत्र असं नेमाने सुधारत नाही. हे रोज थोडं पुढे जाणारं काहीतरी होतं, आणि ते कुणीतरी चालवत होतं.

भिंग त्यांच्या डोळ्यावरून गळून टेबलावर पडलं. "वायर पलंगापासून नऊ पावलांवर आहे," त्या रिकाम्या दुकानाला म्हणाल्या.

दोन वाजायला आले होते. धावत वर जाऊन बाईंना मिठी मारावी असं त्यांना वाटलं असणार. पण दोन ते तीन बघायचं नाही असा शब्द होता. म्हणून त्यांनी दाराला 'बंद' ची पाटी लावली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, जिन्याकडे पाठ करून बसल्या.

घड्याळांनी दोन वाजवायला सुरुवात केली. कुणी आधी, कुणी नंतर. दोनचे दोन ठोके संपायला मिनिटभर लागलं. मग वर काठी वाजली. ठक. मग पाऊल. ठक. मग पाऊल. आवाज भिंतीकडे गेला नाही. दाराकडे आला.

जिन्यावर पहिलं पाऊल पडलं तेव्हा वरून आवाज आला, "कोण बसलंय तिथे?"

"मी आहे, आई."

"किती वाजले?"

"दोन वाजून गेले. मी बघत नाहीये."

"मागे वळलीस तर शिट्टी फुंकीन."

"नाही वळत."

ठक. पाऊल. सूनबाई कानांनी मोजत होत्या. पाच. सहा. दुपारचं ऊन दाराच्या काचेतून येऊन फरशीवर पाण्यासारखं पडलं होतं आणि त्यात लंबकांच्या सावल्या पोहत होत्या. नऊ. दहा. अकराव्या पायरीवर सगळं थांबलं. श्वास तेवढा ऐकू येत होता. सूनबाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरले. उठल्या असत्या तर शब्द मोडला असता. न उठता बाई पडल्या असत्या तर मुलाला काय सांगायचं? मित्रांनो, त्या घरात त्या वेळी सगळ्यात अवघड काम पाठ करून बसलेल्या बाईचं होतं.

"काय मोजते आहेस?" वरून दमलेला आवाज आला.

"अकरा."

"बरोबर. शाळेत असतीस तर तुला गुणलेखक केलं असतं."

मग बारा, तेरा, आणि चौदावी म्हणजे सूनबाई बसल्या होत्या तीच. शिट्टीबाई कठड्याला धरून शेजारी टेकल्या. स्वेटरच्या खिशातून त्यांनी एक गोल गार वस्तू काढून सुनेच्या मांडीवर ठेवली. ती मी.

"हे माझ्यामुळे मेलं," त्या म्हणाल्या. "रोज वायर मी काढत होते. तुझ्या भावाला सांगू नकोस, आयुष्यभर सल्ले देईल."

"मला ठाऊक आहे, आई. बासष्टवरून नऊवर आलात."

"काय बासष्ट?"

सूनबाईंनी पावती दाखवली. शिट्टीबाईंनी ती लांब धरून वाचली, मग जवळ धरून. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे माझी वेळ कुणीतरी रोज नोंदवत होतं?"

"हा नोंदवत होता. मरेपर्यंत."

शिट्टीबाईंनी माझ्या मेलेल्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. "डबा म्हणायला नको होतं याला."

मग मी घड्याळांच्या टेबलावर आडवा झालो. सल्लागाराने मूळ शिकवण फोनवरून पाठवली आणि बजावलं, "लहान कार्ड लागेल, ते पूर्ण रिकामं हवं. त्यात एवढी एकच फाइल टाक, नाव बदलू नकोस. कार्ड आत घाल, मागच्या भोकातलं बटण दाबून धर, मग वीज दे. दहा सेकंद. कमी नाही, जास्त नाही."

"दहा सेकंद मला नको शिकवूस," सूनबाई म्हणाल्या.

दुकानात लहान कार्ड एकच होतं, ते माझ्या पोटातलं. त्यावर माझे एकेचाळीस दिवस होते. "आई, हे सगळं पुसावं लागेल. की सोमवारी दुसरं कार्ड आणू?"

"सोमवारी गाडी येते. पूस. माझं लोळत पडलेलं कुणाला बघायचंय?"

सूनबाईंनी पुसलं. चिमट्याचं टोक भोकात घालून बटण दाबलं आणि समोरच्या घड्याळात बघत दहा मोजले.

म्हणून म्हटलं मित्रांनो, ही गोष्ट मला आठवते असं समजू नका. ही मी ऐकलेली आहे. तो खोका, तो निळा टॉवेल, ते आकडे, सगळं या दुकानात रोज सांगितलं जातं आणि ऐकून ऐकून माझं झालं. स्वप्नं तेवढी कुणी सांगितलेली नाहीत. ती कुठून आली ते मला विचारू नका.

दिवा निळा झाला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं ते एक गोल, पांढरं, काळ्या काठाचं काहीतरी. भिंतीवरचं घड्याळ होतं. जग म्हणजे एवढंच असेल असं मला वाटलं. मग त्याच्यासमोर एक बाई आली, गळ्यात शिट्टी असलेली, दोन पायांवर उभी.

कॅमेरा पुन्हा चालू झाल्याचं कळताच जहाजावरच्या मुलाने फोन उघडला. पलंग दिसेल असं त्याला वाटलं होतं.

"आई! तू खाली कशी आलीस?"

"पायांनी," शिट्टीबाई म्हणाल्या. "आणि सोमवारची गाडी परत पाठव. मला साडेसहाला झोप येत नाही."

आता मी दुकानातच असतो. सूनबाई घड्याळं उघडतात, शिट्टीबाई गल्ल्याशी बसून गिऱ्हाइकांना "वेळेवर या" म्हणून दम देतात. पुढची अपडेटं सकाळी सातला होतात, घरातलं कुणी कुठे जाणार नसतं तेव्हा, आणि वायरीवर शिट्टीबाईंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे, 'दिवा निळा होईपर्यंत हात लावाल तर याद राखा.'

माझी विनंती मात्र थोडी वेगळी आहे. आमचा दिवा लुकलुकत असताना वायर काढू नका, आम्ही शिकत असतो. अर्ध्यात उठवलेला कुणीही धड राहत नाही. आणि तुमच्या घरात कुणी पुन्हा उभं राहायला शिकत असेल, तर दिवसातला एक तास त्याच्याकडे बघू नका. जवळ बसा, पण पाठ करून. हे एका टक लावून बघणाऱ्याने सांगावं याचं हसू येत असेल, तर हसा.

शेवटी हिशेब. सूनबाईंच्या रोजच्या सहाशे सोळा पायऱ्या वाचल्या, मुलाची काळजी वाचली, सल्लागाराचं काहीच गेलं नाही आणि तरीही 'मी वाचवला' असं तोच सांगतो. भरलं ते दोघांनी. मी एकेचाळीस दिवस भरले, एकदाच. शिट्टीबाई रोज भरतात, सकाळी चौदा खाली, संध्याकाळी चौदा वर. गिऱ्हाइकांना सांगताना त्या पायऱ्यांचा आकडा सोळा झाला, मग अठरा झाला. परवा तर वीस ऐकला. माझं तोंड दाराकडे आहे, जिन्याकडे पाठ. मी बघत नाही. पण मला कान आहेत. चौदाच आहेत.